हसण्याचा प्रवासखर्च

नवस आणि प्रवास यांचे नाते तुळजापूरच्या परिसरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे ज्येष्ठ दिग्दर्शक सचिन पिळगांवकर यांचा ‘नवरा माझा नवसाचा २’ हा विनोदी चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा धाराशिव जिल्ह्यातील प्रेक्षकाला त्याचा विषय घरचाच वाटला असल्यास नवल नाही. २००४ च्या पहिल्या भागात नवस फेडण्यासाठी गणपतीपुळ्याला निघालेली मंडळी एस.टी.त होती. वीस वर्षांनी कथा कोकण रेल्वेत चढली आणि तेव्हाचे कंडक्टर अशोक सराफ आता तिकीट तपासनीस झाले. पहिल्या भागाची पुण्याई दुसऱ्याला अनेक ठिकाणी तारून नेते, हेही मान्य केले पाहिजे.

१९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ देणाऱ्या या दिग्दर्शकाला माणसे एकत्र कोंडली की विनोद कसा जन्मतो, हे पक्के ठाऊक आहे. चित्रपटगृहाचेही तेच आहे. शेजारचा हसला की आपले हसू वाढते. वाटून घेतल्याने वाढणाऱ्या वस्तू अर्थशास्त्रात विरळाच. विनोद ही त्यांपैकी एक होय.

परंतु परंडा किंवा लोहारा तालुक्यातील शेतकरी कुटुंबाला असा चित्रपट पडद्यावर पाहावयाचा, तर बहुधा त्यालाच प्रवासाला निघावे लागते. बार्शी, सोलापूर वा लातूर गाठायचे म्हणजे तिकिटाच्या दरात एस.टी.चे भाडे, बाहेरचे खाणे आणि बुडालेली रोजंदारी यांची भर पडते. २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.त निम्मे भाडे आहे. शंभर रुपयांपर्यंतच्या चित्रपट-तिकिटावरील वस्तू व सेवा करही सप्टेंबर २०२५ मध्ये बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. या सवलती स्वागतार्ह आहेत. पण बुडालेल्या दिवसाला सवलत नाही. परिणामी चित्रपट मोबाईलवर येईपर्यंत प्रेक्षक थांबतो आणि एकटाच हसतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने हा जिल्हा आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतला. आरोग्य, शिक्षण, शेती यांचे मोजमाप सुरू झाले, ते योग्यच. मात्र निर्मळ करमणुकीला त्या मोजपट्टीत स्थान नाही. यात्रेतल्या तंबूच्या सिनेमाने एकेकाळी चित्रपट प्रेक्षकाच्या दारी नेला. ते तंबू परत येणार नाहीत. पण तालुक्याच्या गावी नगरपरिषदेने एखाद्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस माफक दरात खेळ लावणे अशक्य नाही. नवसाचा प्रवास पडद्यावर शोभतो. तो पाहण्यासाठी प्रेक्षकाला नवस बोलावा लागू नये.