बोर्डीत चिकूची वाईन बनते कशी? आणि वाडीवाल्याच्या हाती त्यातून काय लागू शकतं?

डहाणू : फ्रान्समध्ये बर्गंडी नावाच्या भागात मोंराशे नावाचा द्राक्षाचा एक मळा आहे. मळा तो केवढा, तर जेमतेम 8 हेक्टर, म्हणजे आपल्याकडच्या हिशोबाने 20 एकर. तोही एकाच्या मालकीचा नाही, बऱ्याच जणांत वाटलेला. शार्दोने जातीच्या द्राक्षापासून तिथे पांढरी वाईन बनते आणि ती जगातल्या सगळ्यात महागड्या पांढऱ्या वाईनमध्ये मोजली जाते. शार्दोने द्राक्ष आज कितीतरी देशांत पिकतं. मग याच बाटलीला एवढा भाव का? तिथले लोक पहिलं कारण सांगतात ते जमिनीचं. ती चुनखडीची आहे.

हे वाचून घोलवडच्या वाडीवाल्याने कान टवकारायला हवेत. कारण आपल्या चिकूबद्दलही हेच सांगितलं जातं. घोलवडच्या मातीत कॅल्शियम जास्त, म्हणून इथल्या चिकूची गोडी वेगळी. याच वेगळेपणावर 2016 मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. 2021 मध्ये हा चिकू ब्रिटनलाही गेला.

आणि वाईन म्हणाल तर तीही इथे बनते. बोर्डीत हिल झिल वाईन्स ही वायनरी आहे. प्रियांका सावे आणि नागेश पै या दांपत्याने ती उभी केली. त्यांची चिकूची वाईन ‘फ्रुझान्ते’ या नावाने विकली जाते. ती फसफसणारी असते, ग्लासात ओतली की बुडबुडे येतात.

ताडी, मोहाची आणि वाईन : फरक काय?

आपल्या भागात हे समजावणं सोपं आहे, कारण ताडी सगळ्यांनी पाहिलेली आहे. सकाळी झाडावरून उतरवलेली ताडी गोड असते, दुपारपर्यंत चढते आणि संध्याकाळी आंबट होते. हवेतलं, मडक्यातलं यीस्ट रसातली साखर खातं. त्यातून मद्यार्क तयार होतो आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. फेस येतो तो याचाच.

वाईनमध्येही हेच घडतं, फक्त लगाम माणसाच्या हातात असतो. रस स्टीलच्या बंद टाकीत ठेवतात, निवडलेलं यीस्ट घालतात आणि पांढऱ्या वाईनसाठी टाकी थंड ठेवतात, म्हणजे फळाचा वास उडून जात नाही. हवा लागू देत नाहीत. लागली तर ताडीसारखी वाईनही शिरक्याच्या वाटेला लागते. मोहाची दारू मात्र वेगळी. ती आंबवल्यावर भट्टीवर चढवून वाफेतून गाळतात, म्हणून कडक असते. वाईन अशी गाळत नाहीत.

हिशोब साधा आहे. एका लिटर रसात 17 ग्रॅमच्या आसपास साखर आंबली की 1 टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणजे लिटरला 200 ग्रॅम साखर असेल तर वाईन साधारण 11-12 टक्क्यांची. पूर्ण पिकलेला चिकू गोडीत द्राक्षाच्या जवळपास जातो, त्यामुळे साखरेची फारशी अडचण नाही.

अडचण दुसरीच आहे. द्राक्ष दाबलं की रस वाहतो. चिकू दाबला की लगदा निघतो. तो फोडायला पेक्टिन विरघळवणारं एन्झाइम वापरावं लागतं. शिवाय चिकूत आंबटपणा नावालाच असतो, आणि आंबटपणाशिवाय वाईन मिळमिळीत लागते, लवकर बिघडतेही. म्हणून आम्ल वरून घालावं लागतं. चिकू थोडा कच्चा राहिला तर त्याचा चीक आणि तुरटपणा वाईनमध्ये उतरतो. सगळा माल नीट पिकलेला हवा, पण सडलेला एकही नको. निवडायला बसलेल्या बायांचं काम इथे मशीनपेक्षा महत्त्वाचं.

पिकलेला माल

वाडीवाल्याचा मुद्दा इथेच येतो. चिकू झाडावरून कडक उतरवतात आणि तो चार-सहा दिवसांत पिकतो. दिल्लीला जाणारा माल कडकच हवा. जो वाडीत किंवा पेटीत पिकला, तो व्यापाऱ्याच्या कामाचा नाही. त्याचा भाव पडतो, कधी कधी गुरांपुढे जातो. वायनरीला नेमका हाच पिकलेला चिकू लागतो. आकार लहान असला, सालीवर डाग असला तरी चालतो.

पण उगाच हवा करायला नको. पालघर जिल्ह्यात चिकू आहे सुमारे 5 हजार हेक्टरवर. एखादी वायनरी त्यातला किती उचलणार? पावसाळ्यातली फळगळ, बी पोखरणारी अळी, जुनी झालेली झाडं, मजुरी हे प्रश्न वाईनने सुटणारे नाहीत. नाशिकला वाईन रुजली ती एका कारखान्यावर नाही. राजीव सामंत यांच्या सुला वाईन्सची पहिली वाईन 2000 साली आली, 2001 मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, मग आणखी वायनऱ्या आल्या आणि शेतकऱ्यांशी करार करून वाईनची द्राक्षं लावून घेण्याची पद्धत बसली. चिकूला असं काही व्हायचं तर वाईनबरोबर चिप्स, पावडर, लोणचं यांनाही तेवढीच गती हवी. निदान आमचं मत तरी असं आहे.

त्याआधी हातातलं नाव तरी वापरा. मोंराशेच्या मळ्याबाहेरच्या द्राक्षाची वाईन ‘मोंराशे’ म्हणून विकली तर फ्रान्सचा कायदा आडवा येतो. जीआयने आपल्यालाही तसंच संरक्षण दिलंय. पण मानांकन संघाच्या नावावर आहे म्हणून प्रत्येक वाडीला ते आपोआप लागू होत नाही. शेतकऱ्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते, ती चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयात होते. अर्ज कसा करायचा, सातबारा आणि कोणते कागद लागतात, हे चिकू उत्पादक संघाकडे विचारा. नोंदणी झाली की पेटीवर मानांकनाचं नाव हक्काने छापता येतं.

हे लक्षात ठेवा

घरी चिकू आंबवून वाईन विकायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर थांबा. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना नसेल तर तो गुन्हा आहे. 21 वर्षांखालच्यांना वाईन विकता येत नाही. आणि तलासरीकरांनो, आच्छाडच्या पुढे किंवा झाईवरून उंबरगावकडे निघालात की गुजरात लागतं. तिथे दारूबंदी आहे आणि वाईनही त्यात येते. बाटली बोर्डीची आहे, फळाची आहे, असं नाक्यावर सांगून सुटका होणार नाही.