आरसा तडकला, पण पाहिला कोणी?

मित्रांनो, 'या पोट्ट्याले कॉम्प्युटरमधलं समजते' अशी एकदा ख्याती झाली की आपली सुट्टी संपलीच समजा! मे महिन्यात मी हॉस्टेलवरून घरी, अकोल्याच्या जुन्या शहरात पोचलो. बॅग खाली ठेवतो न ठेवतो तोच काकांचा निरोप आला. असदगड किल्ल्याजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ. वीज जाऊन परत आली, तेव्हापासून कॉम्प्युटर सुरू होत नव्हता, आणि लग्नसराईचे सगळे फोटो त्यातच!

"दोन हार्ड डिस्क टाकल्या होत्या ना बाप्पा, एक गेली तर दुसरी म्हणून. मंग हे बंद काऊन?" काकांचा प्रश्न रास्त होता.

या व्यवस्थेला मिररिंग किंवा रेड-१ म्हणतात. मिररिंग आधीपासून होतंच. 'रेड' हे नाव मात्र बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८ च्या शोधनिबंधात दिलं. तत्त्व सोपं आहे. प्रत्येक फाईल एकाच वेळी दोन्ही डिस्कवर लिहिली जाते.

मी मशीन चालू केलं. विंडोज सुरू होता होता निळा पडदा. बायोसमध्ये गेलो तर तारीख कित्येक वर्षं मागची! म्हणजे मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा बटण सेल संपलेला. वीज जाताच बायोस मूळ सेटिंगवर गेलं आणि साटा मोड 'रेड'वरून बदलला. नवा सेल टाकला, मोड परत 'रेड' केला. आता पडद्यावर पिवळ्या अक्षरांत ओळ आली: 'डिग्रेडेड'. याचा अर्थ डेटा गेला असा नाही. जोडीतली एक डिस्क गळाली, दुसरीवर काम चालू आहे, एवढाच.

कॅबिनेट उघडलं. एका डिस्कची साटा केबल सैल होती. दाबून बसवायचा मोह झाला, पण थांबलो. कारण जोडी पुन्हा जुळवताना, म्हणजे 'रिबिल्ड' करताना, एक डिस्क दुसरीवर जशीच्या तशी उतरते. दिशा चुकली तर जुना डेटा नव्यावर बसतो, आणि मग रडूनही उपयोग नाही.

म्हणून आधी दोन्ही डिस्कचे सिरीयल नंबर कागदावर लिहिले. चालू डिस्कवरचे फोटो बाहेरच्या डिस्कवर कॉपी केले. गळालेली डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून नुसती पाहिली. शेवटचा फोल्डर दिवाळीचा! म्हणजे दिवाळीपासून आरसा तडकलेलाच होता.

"काका, ही पिवळी ओळ आधी दिसली नाही का तुम्हाला?"

"दिसे ना! मले वाटलं कंपनीची जाहिरात आहे."

हसू आलं, पण आपण तरी कुठे वाचतो? सहा महिने काका दोन डिस्कच्या भरवशावर एकाच डिस्कवर जगत होते. नवी केबल लावली, चांगल्या डिस्कवरून रिबिल्ड केलं, काही तासांनी हिरवं 'नॉर्मल' दिसलं.

तेव्हा दोस्तहो, तीन गोष्टी ध्यानात ठेवा. चालू होतानाची ओळ वाचा. रिबिल्डच्या आधी कॉपी काढा. आणि आरसा म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून डिलीट केलेली फाईल दोन्हीकडून एकदमच जाते, व्हायरसही दोन्हीकडे पोचतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टची एक प्रत वेगळी, कॅबिनेटच्या बाहेर हवीच. काका आता दर शनिवारी काढतात. आपलं काय?