आजी नातवंडं सांभाळते, तिला सरकारी मदत मिळते का?

मिळते. आई-वडील वारले, सोडून गेले, तुरुंगात आहेत किंवा गंभीर आजारी आहेत आणि मूल आजी, मामा, काकूकडे वाढतंय, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेत अर्ज करता येतो. २०२३ मध्ये ही रक्कम ₹१,१०० वरून ₹२,२५० महिना झाली. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत ती मिळू शकते. मूल अनाथाश्रमातच हवं, हा गैरसमज आहे.

मग अडतं कुठे? बहुतेकदा मृत्यूच्या दाखल्यावर.

पेण, रोह्याच्या वाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. काही मुलं मागे आजीकडे राहतात. बाप तिकडेच दगावला, तर नोंद त्या गावात होते, पेणला नाही. २१ दिवसांत ती फुकट होते; वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तोही तिकडचाच. म्हाताऱ्या आजीने तो आणायचा कसा? म्हणून भट्टीचं गाव, तालुका आणि मुकादमाचा नंबर जातानाच घरी लिहून ठेवलेला बरा.

अर्ज अलिबागला, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जातो. गृहभेट होते आणि मंजुरी बालकल्याण समिती देते. अलिबागची फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. त्याआधी अंगणवाडीताईंना विचारा, किंवा १०९८ वर फोन करा. तो फुकट आहे.