फाळक्यांच्या घरची मुले

‘कालिया मर्दन’ हा 1919 सालचा मूकपट सुरू होतो तो कृष्णाने नव्हे, एका लहान मुलीने. सात वर्षांची ही पोर काय काय भाव दाखवते ते पाहा, अशा अर्थाची एक पाटी येते आणि मग तिचा नुसता चेहरा. ती हसते, रुसते, चिडते. पाहता पाहता त्याच चेहऱ्यावर मुकुट चढतो आणि समोर बाळकृष्ण उभा राहतो. ही मुलगी म्हणजे मंदाकिनी, दादासाहेब फाळक्यांची लेक.

आम्हां नाशिककरांना दादासाहेबांविषयी कोणी नव्याने सांगायला नको. त्यांचा जन्म 1870 चा, त्र्यंबकेश्वरी, ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, कुशावर्ताच्या काठच्या गावात. घर शास्त्रीबुवांचे. पण आज मला लिहायचे आहे ते त्यांच्याविषयी नव्हे, त्यांच्या घरातल्या मुलांविषयी. बाप एखाद्या वेडाने झपाटला म्हणजे घरातल्या लेकरांचे काय होते, हा प्रश्न मला अलीकडे फार पडू लागला आहे. त्याला कारणही तसेच आहे. ते पुढे सांगते.

मोठा मुलगा भालचंद्र. 1911 साली वडिलांबरोबर गिरगावात चित्रपट पाहायला गेला तो हाच. पडद्यावर जनावरे चालतात, धावतात, हे पोराने घरी येऊन सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. पुढे दोन वर्षांच्या आत तो स्वतःच पडद्यावर चालू लागला. ‘राजा हरिश्चंद्र’ या 1913 च्या चित्रपटातला रोहिदास म्हणजे भालचंद्र. त्या चित्रीकरणाच्या वेळची एक हकीकत नेहमी सांगितली जाते. मुंबईपासून दूर वांगणीच्या रानात काम चालले होते. खेळता खेळता हा मुलगा खडकावर पडला, डोक्याला खोक पडली आणि शुद्ध गेली. त्याला शहरात नेऊन उपचार करू, चित्रीकरण मागाहून होईल, असे मंडळींनी सुचवले. पण पुढचे दृश्य होते रोहिदासाच्या प्रेताचे. दादासाहेबांनी त्या बेशुद्ध लेकराला तसेच चितेवर निजवून ते दृश्य उरकले.

ही गोष्ट आपल्याकडे बापाच्या निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात. मी दोन मुलांची आई आणि एका नातीची आजी. मला ती ऐकताना दर वेळी सरस्वतीबाई आठवतात. त्या माउलीला हे कळले तेव्हा तिने काय म्हटले असेल? ते कोणी लिहून ठेवलेले नाही. तिचे कष्ट मात्र नोंदलेले आहेत. साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक तिने रांधला. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कोऱ्या फिल्मला कडेने भोके पाडली, रसायने कालवली, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवला. भांडवलासाठी अंगावरचे दागिने दिले. तारामतीचे काम करतेस का, असे नवऱ्याने विचारले तेव्हा मात्र ती नाही म्हणाली. एवढा संसार हाकून वर राणी कोण होणार?

1913 च्या ऑक्टोबरात फाळक्यांचे बिऱ्हाड नाशिकला आले. इथे जे उभे राहिले त्याला आज आपण स्टुडिओ म्हणतो. खरे तर तो एक मोठा वाडाच होता. नट, रंगारी, सुतार, स्वयंपाकी सारे एका पंक्तीला जेवत. सिनेमात काम करतो म्हणणाऱ्याला त्या काळी कोणी दारात उभे करीत नसे. म्हणून दादासाहेब मंडळींना म्हणत, विचारले तर फॅक्टरीत आहोत असे सांगा. अशा ठिकाणी वाढणाऱ्या मुलांना घर कुठे संपते आणि कारखाना कुठे सुरू होतो हे कसे कळणार? बरे, त्या वाड्यातल्या गमती तरी किती! 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामे अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने केली, आणि दोनच वर्षांनी कृष्ण झाली एक परकरी पोर.

‘कालिया मर्दन’ पाहिल्यावर मंदाकिनीच्या कामाला दाद द्यावीच लागते. तिला कोणी रागावून उभे केले आहे असे कुठेच वाटत नाही. तिचा कृष्ण निजलेल्या सावकाराची दाढी त्याच्या बायकोच्या केसांना बांधतो, तेव्हा तिच्या डोळ्यांत खराखुरा खोडकरपणा दिसतो. शेवटी पाण्यात नागाशी झुंज चालते आणि काठावर सारे गोकुळ वाट पाहते. बाप आपल्या लेकीला खेळ शिकवतो आहे आणि ती तो मनापासून खेळते आहे, असेच मला वाटले. रोहिदासाच्या हकिकतीने बसलेली अढी तिथे थोडी सैल झाली. थोडीच.

कारण घराला बसायचे ते हेलकावे बसलेच. 1918 साली मुंबईच्या धनिकांशी भागीदारी होऊन हिंदुस्तान सिनेमा फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पटेना, आणि दादासाहेब सगळे सोडून कुटुंबासह काशीला गेले. 1922 च्या सुमारास परत नाशिक, आता पगारावर. सोन्याचा धूर निघाला तोही याच घरात आणि अखेरची ओढगस्तही याच घरात. 1944 च्या फेब्रुवारीत दादासाहेब नाशकातच गेले. मंदाकिनीची ओळख ‘श्रीकृष्ण जन्म’ आणि ‘कालिया मर्दन’ या दोन चित्रपटांपुरतीच राहिली. पहिल्या चित्रपटाची मूळ लांबी साडेपाच हजार फुटांची, त्यातले सहाशे फूटही आज उरलेले नाहीत. दुसरा बराचसा शाबूत राहिला, हे आपले नशीब.

फाळक्यांच्याच कारखान्यात आणखी एक मुलगी आली होती. नाशिकला आल्यावर काढलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची मुलगी कमला. नवऱ्यापासून वेगळे होऊन दुर्गाबाईंनी रंगभूमीवर पोट भरले, त्यासाठी लोकांचे बोल सोसले. कमलेला शाळा कुठली! ती पाच वर्षांची असल्यापासून रंगमंचावर उभी, आणि मोहिनी झाली तेव्हा जेमतेम तेरा-चौदाची. तीच पुढे कमलाबाई गोखले. चंद्रकांत गोखल्यांची आई, विक्रम गोखल्यांची आजी. 1997 साली वारल्या तेव्हा वय नव्वदीच्या पुढे होते. एकीला दोन चित्रपटांनंतर पडदा सुटला, दुसरीला जन्मभर तोंडाला रंग लावावा लागला. दोघींना लहानपणी कोणी विचारले होते, असे मात्र दिसत नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. माझा मुलगा नाटकात नेपथ्य करतो, सून नाच शिकवते. म्हणजे माझी नातही कलावंतांचेच पोर. नऊ वर्षांची आहे. गेल्या उन्हाळ्यात तिला एका मालिकेसाठी विचारणा झाली आणि घरात दोन तट पडले. मुलगा म्हणे, एवढी संधी कोणाला मिळते? सून म्हणे, माझे बालपण तालमीत गेले, हिचे नको.

मी आपली कायदा काय म्हणतो ते विचारून आले. वाचकहो, तुमच्याही घरी हा प्रसंग येईल म्हणून सांगते. 2017 च्या नियमांप्रमाणे मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही आणि तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक दिवस काम चालत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मिळकतीतला निदान पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत मुदतीने ठेवावा लागतो. आणि मुलाच्या मर्जीविरुद्ध त्याला कामाला लावता येत नाही. हे शेवटचे कलम मी सुनेला दोनदा वाचून दाखवले.

मग आम्ही नातीलाच समोर बसवले. तिला मंदाकिनीचा कृष्ण दाखवला. सावकाराची दाढी बांधतात तिथे ती खदखदून हसली. पाण्यातल्या झुंजीच्या वेळी मात्र तिने विचारले, “आजी, हिला पोहता येत होते का?” मला सांगता येईना. थोड्या वेळाने म्हणाली, “मी काम करीन, पण शाळेची सहल झाल्यावर.”

मालिकावाल्यांना सहलीपर्यंत थांबायला सवड नव्हती. सहल गंगापूर धरणावर गेली होती. येताना ओल्या परकराने ताप घेऊन आली आणि तीन दिवस शाळेला दांडी झाली.