सुरत–धुळे रस्ता : दोन सरकती टोके आणि एक स्थिर मध्य

सुरत ते धुळे हा रस्ता सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा आहे. सुरतेहून निघून तो बारडोली, व्यारा आणि सोनगड या गुजरातमधील गावांवरून नवापूरला महाराष्ट्रात शिरतो. पुढे विसरवाडी, कोंडाईबारी घाट, दहिवेल, साक्री, नेर आणि कुसुंबा अशी गावे घेत धुळ्याजवळ मुंबई–आग्रा महामार्गाला मिळतो. आज तो राष्ट्रीय महामार्ग ५३चा भाग आहे. मात्र त्याचे बहुतांश आयुष्य कच्ची गाडीवाट, जिल्ह्याचा रस्ता आणि राज्याच्या बांधकाम खात्याचा रस्ता म्हणून गेले. गेल्या चार शतकांत त्याची दोन्ही टोके अनेकदा सरकली. पूर्वेला तो कधी बुऱ्हाणपूरकडे, कधी औरंगाबादकडे, तर कधी धुळ्याकडे वळला. पश्चिमेला त्याचे टोक सुरतेच्या वेशीवरून हजिऱ्याच्या बंदरावर गेले. बारडोली–व्यारा–सोनगड–नवापूर हा मधला पट्टा मात्र जवळजवळ जागचा हलला नाही.

नवापूरचा जुना फाटा

सतराव्या शतकात सुरत हे मोगल साम्राज्याचे मुख्य बंदर होते आणि बुऱ्हाणपूर हे दख्खनच्या सुभ्याचे ठाणे. या दोन शहरांना जोडणारी वाट तापीच्या खोऱ्यातून जात असे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५मध्ये सुरतेहून बुऱ्हाणपूरमार्गेच अजमेरला जहांगीरच्या दरबारी गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने त्याच शतकात या भागातील दोन मार्गांचे मुक्काम नोंदवले आहेत. बारडोली आणि नवापूर हे टप्पे दोन्ही मार्गांत आहेत. नवापूरला वाट फुटते. एक शाखा नंदुरबार, थाळनेर, चोपडे, रावेर असे करत बुऱ्हाणपूरला जाते. दुसरी पिंपळनेरवरून डोंगर ओलांडून दौलताबाद आणि औरंगाबाद गाठते व पुढे गोवळकोंड्याकडे उतरते.

नवापूरबद्दल ताव्हेर्नियेने आवर्जून लिहिले आहे. गाव विणकरांनी भरलेले होते, पण तेथील खरा व्यापार तांदळाचा होता. हा तांदूळ बारीक दाण्याचा आणि शिजल्यावर पांढराशुभ्र दिसणारा असून त्याला कस्तुरीसारखा वास येतो व बडे लोक तोच खातात, अशी त्याची नोंद आहे.

त्या काळी रस्ता म्हणजे बांधलेली वाट नव्हे. बैलांच्या खुरांनी आणि गाड्यांच्या चाकांनी पडलेला तो एक रुंद पट्टा असे. धान्य आणि मीठ वाहणारे वंजाऱ्यांचे तांडे दहा-बारा हजार बैलांचे असत. चिंचोळ्या जागी असा तांडा समोरून आला, तर गाडीतल्या प्रवाशाला तो संपेपर्यंत दोन-तीन दिवस बाजूला थांबावे लागे, असे ताव्हेर्निये सांगतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होई, नद्यांना पूर येत आणि वाट बंद पडे.

सोनगड आणि तुकड्यांचा रस्ता

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पिलाजी गायकवाडांनी सोनगडचा किल्ला घेतला आणि गुजरातवरील स्वाऱ्यांसाठी तेथे तळ केला. खानदेश आणि सुरतेच्या मध्ये, जंगलाच्या तोंडाशी असलेली ही जागा वाटेवर नजर ठेवायला सोयीची होती. बडोद्याला जाण्यापूर्वी गायकवाडांच्या सत्तेचे हेच केंद्र होते. बडोदे राजधानी झाल्यावरही सोनगड आणि व्यारा संस्थानाच्या नवसारी प्रांतात राहिले.

त्यामुळे इंग्रजी अमलात या एकाच वाटेवर सत्ता आलटून पालटून बदलत असे. सुरत शहर आणि बारडोली इंग्रजी मुलखात, व्यारा आणि सोनगड बडोदे संस्थानात, तर नवापूर पुन्हा इंग्रजी खानदेशात होते. पूल, मोऱ्या आणि डागडुजी या प्रत्येक कामाची जबाबदारी हद्दीप्रमाणे वाटली गेली. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा हा सगळा रस्ता प्रथमच एका सरकारच्या हाती आला.

धुळ्याचा उदय आणि कोंडाईबारी

पूर्वेकडचे टोक बदलण्याचे कारण १८१८मध्ये घडले. पेशवाई संपल्यावर खानदेश इंग्रजांकडे आला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने पांझरेकाठच्या धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले. मुंबई–आग्रा रस्ताही धुळ्यावरूनच गेला. खानदेशचा कापूस, कचेऱ्या आणि पेठ तेथे एकवटल्यावर सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांना बुऱ्हाणपूरपेक्षा धुळे जवळचे आणि कामाचे झाले. नवापूरच्या फाट्यावर आता तिसरी दिशा महत्त्वाची ठरली. विसरवाडीवरून डोंगर चढायचा, कोंडाईबारी ओलांडायची आणि साक्रीच्या पठारावर उतरून पांझरेच्या कडेने धुळे गाठायचे, अशी ही वाट आहे.

खानदेशात डोंगरातील खिंडीला बारी म्हणतात. कोंडाईबारीच्या दोन बाजूंना हवामान वेगळे आहे. पश्चिमेला नवापूरकडे भरपूर पाऊस, भातखाचरे आणि सागाचे जंगल दिसते, तर पूर्वेला साक्रीकडे कमी पाऊस आणि बाजरी-ज्वारीचा कोरडा मुलूख लागतो. तरीही दोन्ही उतारांचे पाणी शेवटी तापीलाच मिळते.

१९००च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वे सुरू झाली. ही वेगळी कंपनी होती आणि तिचा कारभार किलिक निक्सन ही मुंबईची पेढी पाहत असे. रेल्वेला घाट नको होता. म्हणून रूळ नवापूरहून नंदुरबार, दोंडाईचा असे खोऱ्याखोऱ्याने गेले, म्हणजे बऱ्याच अंशी ताव्हेर्नियेच्या बुऱ्हाणपूर-वाटेने. त्याच सुमारास धुळ्याला चाळीसगावहून रेल्वेचा फाटा मिळाला, पण धुळे आणि सुरत यांच्यामध्ये थेट रूळ पडले नाहीत. त्यामुळे कोंडाईबारीच्या रस्त्याला प्रतिस्पर्धी उरला नाही.

दर्जा आणि बांधणी

मोटारी आल्यावर जुने रस्ते टिकेनात. १९२७मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर लावून त्यातून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, ही समितीची मुख्य शिफारस होती. त्यानुसार १९२९मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. डिसेंबर १९४३मध्ये सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी देशातील रस्त्यांची वर्गवारी ठरवली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

१९५६च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या मूळ सूचीत सहावा महामार्ग धुळ्याजवळ सुरू होऊन नागपूर, रायपूर आणि संबलपूरमार्गे कलकत्त्याला जात होता. धुळ्याच्या पश्चिमेचा सुरतेपर्यंतचा रस्ता त्यात नव्हता. तो राज्याकडेच राहिला आणि त्याची रुंदी, पूल व डांबर हे सारे राज्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिले.

अशा रस्त्याच्या बांधणीची रीत ठरलेली होती. आधी मातीचा भराव, त्यावर मोठ्या दगडांचे सोलिंग, त्यावर खडी आणि सांधे बुजवायला मुरूम अशी थरांवर थर रचना होई. मग पाणी मारून रोलर फिरवायचा. दगड जागेवरच मिळे, कारण सोनगडच्या पूर्वेला सगळा काळा पाषाण आहे. ही खडी बरीच वर्षे मजूर हातोडीने फोडत आणि तिचे मोजलेले ढीग रस्त्याच्या कडेला लावून ठेवत. डांबर नंतर आले, तेही आधी एका गाडीपुरत्या पट्टीवर. समोरून दुसरी गाडी आली की दोघांनीही एकेक चाक साइडपट्टीवर उतरवायचे.

खरी अडचण मातीची होती. बारडोलीची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते, त्यामुळे वरचा रस्ता चांगला असला तरी खालची बैठक हलते. नवापूर भागात प्रश्न ओढ्यांचा होता. खर्च वाचवण्यासाठी तेथे पुलाऐवजी अनेकदा फरशी बांधत. फरशी म्हणजे पात्रातूनच जाणारा ठेंगणा दगडी पट्टा. उन्हाळ्यात ती कोरडी असते, पावसाळ्यात पाणी तिच्यावरून वाहते आणि दोन्ही काठांना गाड्यांची रांग लागते.

नवी हद्द, नवे पाणी

१ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि एका सरकारच्या हाती आलेला रस्ता अकरा वर्षांत पुन्हा दुभंगला. पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा आणि तळोदे तालुक्यांतील काही गावे गुजरातला देण्यात आली. उच्छल आणि निझर हा भाग त्यातूनच गुजरातेत गेला. नवापूर महाराष्ट्रात राहिले, पण हद्द अगदी गावाला येऊन भिडली. तिचे सर्वात ठळक रूप नवापूरच्या रेल्वे स्थानकात दिसते. फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत आहे. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्यात, तर स्टेशन मास्तरांची खोली तापी जिल्ह्यात आहे. हद्दीवरच्या बाकाच्या एका अर्ध्यावर महाराष्ट्र आणि दुसऱ्या अर्ध्यावर गुजरात असे लिहिलेले आहे. रस्त्यावर हीच रेघ तपासणी नाक्याच्या रूपाने उभी राहिली.

सोनगडजवळ तापीवर बांधलेले उकाई धरण १९७२मध्ये पूर्ण झाले. त्याची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून १०५.१६ मीटर आहे. हद्दीलगतच्या खोऱ्यातील अनेक गावे पाण्याखाली गेली आणि तेथील आदिवासी कुटुंबांना नव्या वसाहतींत जावे लागले. जलाशय पसरला तो जुन्या बुऱ्हाणपूर-वाटेच्या बाजूला. धुळ्याचा रस्ता त्याच्या दक्षिणेला आहे.

हजिऱ्यापर्यंत आणि चार पदरी

पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ धुळ्यावरून पश्चिमेकडे सुरतेपर्यंत आणि तेथून हजिऱ्यापर्यंत वाढवण्यात आला. राज्य महामार्गाच्या मैलाच्या दगडाचा माथा हिरवा असतो, राष्ट्रीय महामार्गाचा पिवळा. दर्जा बदलला की रस्त्याकडेला पहिली खूण हीच दिसते.

जुना रस्ता सुरतेच्या सहारा दरवाज्यातून निघून पुणा, सारोली आणि कडोदरामार्गे बारडोलीला जाई. आज त्याच्या सुरुवातीच्या भागात कापड बाजारांच्या इमारती दाटल्या आहेत. १९८०च्या दशकापासून तापीच्या मुखाशी हजिऱ्याला वायू आणि खतांचे मोठे प्रकल्प उभे राहिले आणि पुढे बंदरही आले. या अवजड वाहतुकीला शहरातून जाणे परवडणारे नव्हते. म्हणून महामार्ग पलसाण्याहून सचिनमार्गे, तापी ओलांडून इच्छापोर आणि हजिऱ्याकडे वळला. सुरत शहर उत्तरेला राहिले आणि बंदर टोकाला आले.

गुजरात हद्दीपासून हजिऱ्यापर्यंतचा सुमारे १३३ किलोमीटरचा टप्पा 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीने चार पदरी झाला. त्यावर मांडळ आणि भाटिया येथे टोलनाके आहेत. बारडोलीत महामार्गावरच्या चौकाला आजही धुलिया चोकडी म्हणतात. महाराष्ट्रात धुळ्यापलीकडच्या फागणे गावापासून हद्दीपर्यंतचे सुमारे १४१ किलोमीटरचे काम मागे पडले. आधीचा करार मोडला आणि ते नव्या निविदेने पुन्हा हाती घ्यावे लागले. कामाच्या कागदपत्रांत एक गंमत आहे. महाराष्ट्राचा टप्पा किलोमीटर ५१० ते ६५०.७९४ असा मोजलेला आहे, कारण मोजणी पूर्वेकडून येते. गुजरातचा टप्पा मात्र हद्दीवर शून्यापासून सुरू होतो. नवापूरच्या वेशीवर एकाच रस्त्याचा आकडा साडेसहाशेवरून शून्यावर येतो.

२०१०मध्ये देशभरातील महामार्गांचे क्रमांक बदलले. पूर्व-पश्चिम मार्गांना विषम क्रमांक देण्यात आले आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत गेले. त्या हिशेबाने सहाचा त्रेपन्न झाला आणि त्याचे पूर्वेचे टोक कोलकात्याऐवजी ओडिशातील पारादीप बंदर ठरले. कागदावर तो आता अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांना जोडतो.

रस्त्यावरची माणसे

हजिऱ्याच्या टँकर-ट्रेलरांखेरीज या रस्त्यावर एक जुनी मानवी वाहतूक आहे. दिवाळीच्या सुमारास धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून ऊसतोडीचे मजूर बारडोली भागातील साखर कारखान्यांकडे निघतात. तोडणी करणाऱ्या जोडीला येथे कोयता म्हणतात आणि मुकादम मजुरांची मोजदादही कोयत्यांनीच करतो. बिऱ्हाड, लहान मुले आणि कोंबड्यांसह ही कुटुंबे ट्रकमधून घाट उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दुसरा प्रवाह कायमचा आहे. यंत्रमाग आणि कापड प्रक्रियेच्या कामासाठी आलेल्या खानदेशी लोकांच्या मोठ्या वस्त्या सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा आणि डिंडोली भागांत आहेत. लग्नसराईत आणि सणाला तेथून धुळे, साक्री आणि शिरपूरकडे निघालेल्या एसटी व खासगी बस याच रस्त्याने जातात.

सुरतेहून नाशिकमार्गे दक्षिणेकडे जाणाऱ्या नव्या द्रुतगती मार्गाची आखणी झाली आहे. दख्खनची जी वाहतूक पूर्वी नवापूरहून पिंपळनेरकडे वळत असे, तिच्यासाठी तो नवापूर टाळून सह्याद्री ओलांडणारा मार्ग असेल. खानदेश आणि विदर्भाकडे जाणाऱ्या गाड्यांचा मार्ग मात्र बारडोली, व्यारा, सोनगड आणि नवापूर हाच आहे.