औंढ्याची वेधशाळा आणि उसनी आज्ञावली

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें क्षेत्र ज्योतिर्लिंगामुळें महाराष्ट्रास परिचित आहे. त्याच्याच परिसरांत लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारावयाची असून, तिच्यासाठीं केंद्रीय मंत्रिमंडळानें २०२३ च्या एप्रिलांत २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी नळ्यांतून लेसरचा प्रकाश खेळवून गुरुत्वलहरींचा वेध घ्यावयाचा, हें तिचें कार्य. अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें अशीं यंत्रें आहेत. त्यांच्या आरशांविषयीं पुष्कळ बोललें जातें. पण यंत्राचे हजारों अवयव एकमेकांशीं बोलतात कसे, याचा विचार क्वचितच होतो.

ह्या बोलण्यासाठीं लायगोच्या शास्त्रज्ञांनीं नवी भाषा घडविली नाहीं. लॉस अलामॉस व आर्गोन येथील प्रयोगशाळांनीं १९९० च्या सुमारास कणत्वरकांच्या नियंत्रणासाठीं ‘एपिक्स’ नांवाची आज्ञावली रचली होती. तीच त्यांनीं घेतली. तिची रीत गांवच्या दवंडीसारखी आहे. एखाद्या संगणकास नळींतील निर्वाताचा आंकडा हवा असला, कीं तो जाळ्यांत दवंडी पिटतो: ‘अमुक नांवाचें माप कोणापाशीं आहे?’ ज्याच्यापाशीं नसेल तो मौन धरतो. असेल तो ओ देतो, आणि मग त्या दोघांचें बोलणें स्वतंत्र वाटेनें सुरू होतें. एकच नांव दोन ठिकाणीं असलें, तर जो आधीं ओ देईल त्याच्याशींच गांठ पडावयाची! म्हणून हॅनफर्डच्या मापांचीं नांवें ‘एच१’ नें, तर लिव्हिंग्स्टनचीं ‘एल१’ नें सुरू होतात.

उसना अंगरखा अंगाबरोबर बेतावा लागतो, तसें येथेंहि झालें. मुख्य संकेताची नोंद सेकंदास १६,३८४ वेळां होते, आणि आरसे जागच्या जागीं राखण्याचे हिशेबहि तशाच वेगानें चालतात. दवंडी पिटीत बसण्यास तेथें सवड कोठली? म्हणून ते हिशेब संगणकाच्या राखीव गाभ्यावर सोंपविले. तेथें दुसऱ्या कामास मज्जाव. एपिक्सकडे आंकडे दाखविणें व मर्यादा ठरविणें एवढेंच उरलें. ही वांटणी हेंच सर्व खटाटोपांतील खरें शहाणपण होय.

दुसरी अडचण घड्याळाची. नेहमींचे संगणक जागतिक प्रमाणवेळ पाळतात आणि तींत मधूनमधून लीप-सेकंद मिळविलेले आहेत. वेधशाळेच्या नोंदी मात्र ६ जानेवारी १९८० पासून अखंड मोजलेल्या जीपीएस-सेकंदांत असतात. २०१७ पासून दोहोंत १८ सेकंदांचें अंतर आहे, आणि हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टनमधील तीन हजार किलोमीटर लहर तोडते ती फार तर शतांश सेकंदांत! ह्या सूक्ष्म फरकावरूनच तिची दिशा काढावयाची. औंढा तेथून फार दूर असल्यानें दिशा अधिक नेमकी कळेल. पण घड्याळें जुळलीं तरच.

लहर सांपडल्याचें वर्तमान दुर्बिणींना पोहोंचविण्यासहि उसनी आज्ञावली आहे. लिंक्डइन कंपनीनें संकेतस्थळावरील वर्दळ नोंदविण्यास ‘काफ्का’ रचली व २०११ मध्यें सर्वांस खुली केली. ती रोजकीर्दीसारखी चालते: नोंदी क्रमानें चढतात, आणि वाचणारा आपण कोठवर वाचलें तें ध्यानांत ठेवतो, तार तुटली तरी पुढील नोंद चुकत नाहीं. नासाच्या खगोलवार्ता-सेवेनें २०२२ मध्यें तिचा अंगीकार केला.

घाई कशासाठीं, हें १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दिसून आलें. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली. इटलींतील व्हर्गो यंत्रहि तेव्हां चालू असल्यानें शोधाचें क्षेत्र आकुंचित झालें. सुमारें अकरा तासांनीं दुर्बिणींना तें ठिकाण एनजीसी ४९९३ ह्या दीर्घिकेंत सांपडलें. तेथील निळसर तेज पुढें कांहीं दिवसांतच मावळलें.