दिवसा राम, रात्री कृष्ण : गंजिफेच्या पहिल्या पानाचे गणित

चाकण - येथील औद्योगिक वसाहतीत पाळी बदलली, की माणसाचा दिवस बदलतो. पत्त्यांच्या एका जुन्या खेळातही सूर्य मावळला, की डावाचा धनी बदलतो. तो खेळ म्हणजे सावंतवाडीची दशावतारी गंजिफा.

गंजिफेची पाने गोल असतात. विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्का ते दश्शी अशी बारा पाने, एकूण १२०. तिघे खेळाडू बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. डाव दिवसा मांडला, तर रामाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने पहिली उतारी करायची. दिवेलागणीनंतर हाच मान कृष्णाच्या राजाकडे जातो.

मान मोठा असला, तरी रामाचा राजा मत्स्याची साधी दुरीही मारू शकत नाही. गंजिफेत हुकमाचा रंग नसतो. उतारी ज्या रंगाची, त्यातील मोठे पान हात जिंकते. त्यातही पाच रंगांत राजा-प्रधानांनंतर दश्शी मोठी, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. त्यामुळे कोणती पाने पडून गेली, हे ध्यानात ठेवणे हेच खेळाडूचे खरे कसब.

अमेरिकेत १९९४ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘व्हॅम्पायर : द इटर्नल स्ट्रगल’ या नावाने ओळखल्या गेलेल्या रक्तपिपासूंच्या खेळात पानाचा गुण पानावरच छापलेला असतो. नवखाही तो वाचून खेळू शकतो. गंजिफेच्या पानावर रामाचे चित्र असते. त्याचा दिवसाचा मान मात्र केवळ खेळणाऱ्यांच्या स्मरणात असतो.

नेमकी येथेच चिंता आहे. सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात या कलेला नवे जीवन दिले. २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही लाभले. पाने रंगविणारे हात टिकले. पण खेळणारे मोजकेच उरले. बहुतेक संच दिवाणखान्याची शोभा वाढवितात. खेळणारा संपला, तर पान उरेल आणि त्याचा अर्थ जाईल.

तेव्हा घरी संच असेल, तर तिघांनी एकदा डाव मांडून पाहावा. दिवसपाळीवाल्यांनी घरी परतल्यावर, रात्री, कृष्णापासून आरंभ करावा आणि रात्रपाळीवाल्यांनी दिवसा, रामापासून!